आपली फिल्म आधी आपल्या पाड्यात दाखवा



फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं मुंबईला डॉक्युमेंट्री फिल्मच्या महोत्सवाला जाऊन आलो. डॉक्युमेंट्री म्हणजे नटनट्या नसलेला, खऱ्या माणसांचा पिक्चर. आम्हाला तसा पिक्चर करायला शिकायचंय, हे बैठकीत सांगूनच गेलो होतो. तरी परत आल्यापासून एकच ऐकतोय : जमिनीचा दावा पडून आहे, गार्ड दारात येतोय, आणि तुम्हाला पिक्चर सुचतो? प्रश्न बरोबर आहे, म्हणून लिहितोय.

मुंबईत या वेळी दोन महोत्सव झाले. एक सरकारचा, फिल्म्स डिव्हिजनवाल्यांचा, १९९० पासून चालू असलेला. २००४ च्या महोत्सवासाठी सरकारने नियम काढला की देशातल्या फिल्मला सेन्सॉरचं सर्टिफिकेट पाहिजे. परदेशातल्या फिल्मला नको! म्हणजे बाहेरच्याने काहीही दाखवावं, इथल्या माणसाने मात्र आधी विचारावं. फिल्मवाल्यांनी एकी करून विरोध केला तेव्हा नियम मागे घेतला. पण निवड झाली तेव्हा सरकारला टोचणाऱ्या बऱ्याच फिल्म बाहेर. गुजरातच्या कत्तलीवरची राकेश शर्मांची 'फायनल सोल्यूशन' त्यातलीच. (आपल्याला यात नवल नाही. नियम मागे घ्यायचा आणि यादीतून नाव गाळायचं, हे आपण दाव्यांच्या वेळी बघितलंय.) मग या लोकांनी प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात आपला वेगळा महोत्सव लावला. नाव 'विकल्प'. आम्ही जास्त वेळ तिथंच बसलो.

तिथं 'विकास बंदूक की नाल से' ही फिल्म बघितली. मेघनाथ आणि बिजू टोप्पो यांची. बिजू टोप्पो झारखंडचे, उरांव आदिवासी. तेव्हाच्या ओरिसात काशीपूर भागात लोक बॉक्साइटची खाण नको म्हणाले, तर १६ डिसेंबर २००० ला मैकांच गावात पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन आदिवासी मेले. झारखंडात कोयल-कारो धरणाला नको म्हणणाऱ्यांवर २ फेब्रुवारी २००१ ला तपकरा इथे गोळीबार झाला, आठ जण गेले. आणि त्याच फिल्ममध्ये बंदराविरुद्धची उंबरगावची लढाई! उंबरगाव आपल्या तलासरीच्या शेजारी, आणि ते बघायला आम्ही शटल आणि लोकल धरून मुंबईला गेलो.

या फिल्ममध्ये जे बोलतात ते तिथलेच लोक. ज्याचं माणूस गेलं तो स्वतः सांगतो. दुसऱ्या एका फिल्ममध्ये मात्र आदिवासी बाया भात लावतायत, नाचतायत, आणि वरून कुणी साहेब इंग्रजीत सांगतोय की या बायांना काय वाटतं. एकीचंही नाव नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही नाही वाजवल्या.

आपल्याकडेही हे झालंय. दोन पावसाळ्यांमागे एका पाड्यावर कॅमेरावाले येऊन गेले. तीन दिवस राहिले, जेवले, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. ती फिल्म कुठं गेली, कुणाला ठाऊक? म्हणून आमचं मत असं की पुढे जो कुणी कॅमेरा घेऊन येईल त्याने आधी पाड्याच्या बैठकीत बसावं, काय करणार ते आपल्या बोलीत सांगावं, आणि फिल्म झाली की पहिल्यांदा पाड्यात आणून दाखवावी. वीज नाही हे कारण चालणार नाही, जनरेटर भाड्याने मिळतो. चुकीचं असेल तर तिथंच म्हातारी उठून सांगेल.

आता पट्ट्याचं. केंद्राचं ३ मे २००२ चं पत्र सगळ्यांना आठवतंय : ३० सप्टेंबरपर्यंत जंगलातली अतिक्रमणं काढा. राखणीची झोपडी मोडली, उभं पीक तुडवलं, तेव्हा पंचनामा कुणी लिहिला? ज्याने मोडलं त्यानेच. आपल्याकडे काय राहिलं, तर तोंडी सांगणं. दंडाच्या पावत्या ज्यांच्याकडे आहेत त्यांचं निभतं. पण कित्येकांच्या पावत्या वाळवीनं खाल्ल्या, कित्येकांना पैसे घेऊनही पावती दिलीच नाही. महाराष्ट्रातल्या वनजमिनींच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या आदेशाने तोंडी पुराव्याला जागा मिळाली. पण तोंडी पुरावा म्हणजे म्हातारी माणसं, आणि ती दर पावसाळ्याला कमी होतायत. कुठल्या सादड्यापासून कुठल्या नाल्यापर्यंत बापाने नागली केली, हे त्या जागेवर उभं राहून सांगणारा म्हातारा टेपमध्ये असला तर तो गेल्यावरही सांगत राहील. साहेब टेप मानेलच असं आम्ही म्हणत नाही. न मानणारा कागदही मानत नाही. पण आपला पंचनामा आपल्याकडे तरी राहील.

 आजचा कॅमेरा दोन हातांत मावतो, चालवायला आठवडाभर पुरतो. जोडणी मात्र वेगळी शिकावी लागते, ते कठीण आहे. त्यासाठी मुंबईच्या दोघा फिल्मवाल्यांनी शिकवू म्हटलंय, पैसे न घेता. विकत घ्या असं आम्ही म्हणत नाही, वर्गणी आधी कोर्टाच्या तारखांना लागते. पावसाळ्याआधी एक कॅमेरा महिनाभर मागून आणू. प्रत्येक पाड्याने सर्वात म्हाताऱ्या दोन माणसांची नावं द्यावीत, आणि शिकायला एक मुलगा, एक मुलगी. मुलगी नसेल तर त्या पाड्याचा मुलगाही घेणार नाही, हे आत्ताच सांगतो. नावं पुढच्या बैठकीत घेऊ.