शनिवार पहाटेची गाडी

डोंबिवलीतल्या कितीतरी गाड्या सोमवार ते शुक्रवार जागच्या हलत नाहीत. मालक सकाळची फास्ट लोकल गाठतो आणि गाडी इमारतीखाली धूळ खात उभी राहते. पावसाळ्यात शिळफाटा आणि घोडबंदरच्या खड्ड्यांच्या धास्तीने ती आणखीच कमी निघते. मग डिसेंबर उजाडतो, मुलांना नाताळची सुटी लागते, हवेत जरा गारवा येतो आणि याच गाड्या एका शनिवारी पहाटे चारला बाहेर पडतात. कुणी कसारा चढून नाशिकला, कुणी मुरबाडवरून माळशेजला. वर्षातला सगळ्यात लांबचा, अंधारातला आणि गारठ्यातला प्रवास आपण महिनोन्महिने नीट न बघितलेल्या गाडीतून करतो, तेही घरची सगळी माणसं सोबत घेऊन. मला याची खरंच काळजी वाटते.

मागच्या डिसेंबरात माळशेजपलीकडच्या ओतूरजवळ मुक्काम होता. सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली, तर नुसता ‘टक’ असा आवाज. आई कुडकुडत मागच्या सीटवर बसलेली. शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून जंपर केबल लावली, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं. रात्री दिवा चालू राहिला नव्हता, गाणी लावली नव्हती, तरी बॅटरी गेली कशी, हे मला कळेना. एमआयडीसीतल्या आमच्या गॅरेजवाल्या काकांनी ते सांगितलं. काका तरुणपणी प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात होते. नव्वदच्या दशकात तिथे काही वर्षं प्यूजो ३०९ तयार होत असे. मीटर लावून ते म्हणाले, “बॅटरी मेलीय मे महिन्यात. तुम्हाला कळलं आत्ता.”

काकांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. आपल्याकडच्या उन्हाने बॅटरीच्या आतल्या प्लेटा झिजतात, पाणी कमी होतं. उन्हाळ्यात इंजिन सहज सुरू होतं म्हणून ही झीज लपून राहते. गारठ्यात मात्र बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जोर जास्त लागतो. उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, १२.४ च्या खाली असेल तर घाट चढायच्या आधी ती चार्ज करून तपासून घ्यावी. रोज खाली उतरून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याची पद्धत आमच्या सोसायटीत आहे. त्याने काही साधत नाही, स्टार्टरने घेतलेलंही धड भरून येत नाही. आठवड्यातून एकदा गांधारीच्या पुलावरून पडघ्यापर्यंत गाडी फिरवून आणावी. बॅटरी भरते, ब्रेकवरचा गंज निघतो, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत.

बॅटरी गेली तर खोळंबा होतो. काच मळकी असेल तर जीव जाऊ शकतो, आणि तिच्याकडेच आपलं सगळ्यात कमी लक्ष असतं.

कल्याणहून मुरबाडचा रस्ता पूर्वेला जातो. डिसेंबरात सातच्या सुमारास सूर्य उगवतो तो थेट समोर, अगदी खाली. त्याच वेळी काचेवर दव असतं आणि दवाखाली मेट्रोच्या कामांची, डंपरांची आठवडाभराची धूळ. वायपर फिरवला की त्याचा राडा होतो आणि ऊन पडताच काच दुधाळ होते. समोरचा सायकलवाला, कडेने चालणारी शाळेची मुलं, काही म्हणता काही दिसत नाही. आतल्या बाजूनेही डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकचा तेलकट थर उन्हाळाभर बसलेला असतो. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी काच आतून-बाहेरून पुसावी, वॉशरची टाकी भरावी आणि पावसाळाभर राबलेले वायपरचे रबर बदलावेत. खर्च काही शे रुपयांचा आहे.

रायत्याच्या पुलापासून पुढे उल्हास नदीकाठी पहाटे धुकं असतं. अशा वेळी पुष्कळजण हेडलाइट अप्परवर टाकतात. धुक्यातले पाण्याचे कण तोच उजेड परत डोळ्यांवर फेकतात, म्हणून दिवे डिपरवरच हवेत. दुसरी सवय चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी हाकण्याची. मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय, काहीच समजत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. काच आतून धुरकटली तर हाताने पुसू नका. एसी लावून हवा काचेवर सोडा. एसी हवेतला ओलावा काढतो, थंडीतसुद्धा.

घाट चढून गेलात की ओतूर-आळेफाट्याच्या बाजूला उसाचा हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटे कारखान्याकडे निघालेले असतात. कितीकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. धुक्यात अशी ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक दाबायला जागा उरलेली नसते. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय कारखान्यांनी ऊस आत घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टायरचं थोडक्यात सांगतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण १ पीएसआयने कमी होते. डोंबिवलीच्या दुपारी भरलेली हवा ओतूरच्या पहाटे ३ ते ४ पीएसआयने उतरलेली असू शकते. म्हणून टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा बघून हवा भरावी, स्टेपनीतही. खड्ड्यांतून वर्ष काढलेल्या गाडीचं अलाइनमेंट एकदा बघून घ्यावं.

कूलंट थंड मुलखासाठी असतं, आपल्याला नळाचं पाणी चालतं, असं अजूनही ऐकू येतं. लडाखची गोष्ट वेगळी. पण कूलंट आतला गंजही थांबवतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं. भरलेली गाडी कसारा चढते तेव्हा त्याचा उपयोग होतो.

आणखी एक. थंडीत मांजराची पिल्लं उबेसाठी इंजिनाजवळ जाऊन बसतात. किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारा.

या शनिवारी निघणार असाल तर शुक्रवारी लोकलमधून उतरल्यावर अर्धा तास गाडीपाशी थांबा. बॅटरी, काच, दिवे, हवा, एवढंच बघा. आणि जमलं तर पहाटे चारऐवजी सातनंतर निघा. माळशेज दुपारीही तिथेच असतो.