गावाकडचं म्हणजे सेंद्रिय नव्हे

सेंद्रिय अन्नाच्या शिक्क्यांबद्दल परभणीत एक मत ठासून मांडलं जातं: शिक्के म्हणजे भाव वाढवायची युक्ती; गावाकडची तूर-ज्वारी मुळातच सेंद्रिय, तिला कागद कशाला? हे मत चुकीचं तर आहेच, शिवाय ते फसवणाऱ्या विक्रेत्याच्याच पथ्यावर पडतं.

जिंतूर, सेलू, मानवतच्या शिवारात खरिपात कापूस, सोयाबीन, तूर उभी असते. सोयाबीनला पेरतानाच डीएपी, मागून तणनाशक. तूर फुलोऱ्यात आली की शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी पाठीवरचे पंप निघतात. एखाद्याने फवारणी सोडली, तरी धुऱ्यापलीकडचं औषध वाऱ्याने त्याच्या पिकावर येतं. म्हणून प्रमाणीकरणात शेजारचं शेत, बियाणं आणि खतांच्या नोंदी पाहतात; हंगामी पिकाला साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ लावतात. ओळखीचा शेतकरी खोटारडा असतो असं नव्हे, पण त्याला हे कुणी विचारतच नाही. 'गावरान' म्हणजे सेंद्रिय, हा जुना वादही इथेच अडतो. वाण वेगळं, लागवडीची पद्धत वेगळी. 2018 मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठातून आलेली 'परभणी शक्ती' ज्वारी लोह आणि जस्ताने समृद्ध आहे. ती शेणखतावर पिकली की युरियावर, हे नावावरून कळत नाही.

शिक्का लहान शेतकऱ्याला परवडत नाही, हा आक्षेप अपुऱ्या माहितीचा. पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला उत्पादक थेट ग्राहकाला माल विकत असेल, तर त्याला प्रमाणीकरणातून सूट आहे. फक्त शिक्का वापरता येत नाही. सगळे शिक्के खोटे असतात, याला पुरावा कुणी देत नाही.

2017 च्या अन्नसुरक्षा नियमांनी सेंद्रिय म्हणून विकायच्या मालाला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं (एनपीओपी) किंवा पीजीएस-इंडियाचं प्रमाणपत्र लागू केलं आणि 'जैविक भारत' ही खूण आणली. 'पीजीएस-ग्रीन' म्हणजे शेत अजून संक्रमणात. चौकोनातला हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो. शेतमजुराला रास्त मजुरी मिळाली का, हे मात्र सेंद्रिय शिक्क्यावरूनही कळत नाही. ती उणीव खरी आहे.

मोंढ्यातल्या दुकानात नुसतं 'नैसर्गिक' लिहिलेल्या पाकिटाला जास्त पैसे देऊ नयेत. आधी प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा.