मोठी चाके आणि घाटाचा उतार

जीपला मोठे टायर घातले तर हौसिंगमधला गिअर बदलावा लागतो का, असा प्रश्न गेल्या महिन्यात दोन वाचकांनी विचारला. एक खानापूरचे, एक सावंतवाडीचे. दोघांनाही मी फोनवर थोडक्यात उत्तर दिले, पण हा विषय फोनवर मावणारा नाही. शिवाय त्यात माझी स्वतःची एक चूक दडलेली आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढची आकडेमोड कशासाठी ते कळेल.

माझी जीप जुनी, पाट्यांची, डिझेलची. मूळ टायर ६.००-१६ मापाचे. जांबोटीजवळ आमची थोडी काजूची बाग आहे. पावसाळ्यात तिथली वाट म्हणजे लाल चिखल, आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या इतक्या खोल की गाडीचे पोट मधल्या उंचवट्यावर टेकते आणि चारही चाके नुसती फिरत राहतात. म्हणून एका दुकानदाराच्या सल्ल्याने रिंगांसकट ३१ इंची रुंद टायर घातले. गाडी रुबाबदार दिसू लागली. पोट टेकायचे थांबले. चढाला जरा दम लागतो एवढे जाणवले, पण ते मी इंजिनाच्या वयावर ढकलले.

मग मे महिन्यात साखळीला भाचीचे लग्न निघाले. गाडीत आम्ही सहाजण, मागे आहेराची भांडी. कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरू लागलो. नेहमीप्रमाणे दुसरा गिअर टाकला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला. एरवी या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवते, ब्रेकला फक्त वळणावर पाय लावायचा. त्या दिवशी गाडी धरेना. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, दोन वळणांच्या मध्येही ब्रेक. अर्ध्या घाटात जळका वास आला आणि पेडल पायाखाली सैल, खोल जाऊ लागले. पहिला गिअर कसाबसा पडला आणि डोंगराच्या बाजूला गाडी उभी राहिली. चाकांजवळ हात नेववत नव्हता. तासभर थांबलो. सौ. काही बोलल्या नाहीत. आईने मात्र खाली उतरून चाकांकडे पाहिले आणि विचारले, “एवढी मोठी चाकं कशाला रे घातलीस?”

परत आल्यावर उद्यमबागेतल्या आमच्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडले नाही की ब्रेकला हात लावला नाही. टायरवर थाप मारून म्हणाले, “टायर घातलासा ते बरं केलासा. दात मोजलासा काय?”

दात म्हणजे क्राउन-पिनियनचे. मागच्या हौसिंगमध्ये एक लहान गिअर असतो, तो पिनियन. तो प्रोपेलर शाफ्टबरोबर फिरतो आणि मोठ्या ताटाएवढ्या क्राउनला फिरवतो. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की जो आकडा येतो तो रेशो. क्राउनला ३९ आणि पिनियनला ८ दात असतील तर भागाकार ४.८८. म्हणजे शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. आकडा जितका मोठा तितका चाकाला जोर जास्त, आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त.

टायर मोठा केला की आतला एकही दात न बदलता हे गणित बिघडते. चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापते. इंजिनाच्या बाजूने पाहिले तर कोणी गुपचूप वरचा गिअर टाकल्यासारखे होते. चढावर जोर कमी पडतो हे सगळे सांगतात, कारण ते लगेच जाणवते. उतारावर इंजिनाची पकडही तेवढीच सुटते, हे फारसे कोणी सांगत नाही. शर्यतीच्या आणि चिखलाच्या गप्पांत उतार कधी येतच नाही. आपल्याकडे मात्र गोव्याला जा, कोकणात जा, वाटेत घाट आहेच.

आता मोजमाप. टायरवर छापलेल्या मापावर विसंबू नये, कारण वजनाखाली टायर दबतो. मेस्त्रींनी माझी स्टेपनी चढवायला लावली, ती अजून जुन्या मापाची होती. टायरवर आणि खाली फरशीवर खडूची खूण केली, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ दिला, पुन्हा खूण केली आणि टेपने अंतर घेतले. जुना टायर २१५ सेंटिमीटर, नवा २३८. म्हणजे जवळजवळ ११ टक्के फरक.

रेशो मोजायलाही हौसिंग उघडावे लागत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, फोर-व्हील काढलेले असू द्या आणि मागचे एकच चाक जॅकवर उचला. ते चाक हाताने बरोबर दोन वेळा फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. एक चाक जमिनीवर अडलेले असल्यामुळे डिफरन्शियल दुसऱ्याला दुप्पट फिरवते, म्हणून दोन फेरे. माझ्यासारख्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर असतो. तो सोडल्याशिवाय काही फिरणार नाही, आणि तो सोडला की गाडीला फक्त दगडांचाच आधार. म्हणून दगड नीट लावा आणि गाडीखाली डोके घालू नका. माझ्या गाडीचा शाफ्ट पाच फेऱ्यांना थोडा कमी भरला, म्हणजे ४.८८.

पुढचा हिशेब त्रैराशिकाचा. जुना रेशो गुणिले नव्या टायरचे अंतर, भागिले जुन्या टायरचे अंतर. ४.८८ गुणिले २३८ भागिले २१५, उत्तर ५.४०. मिळणारा जवळचा जोड ५.३८, म्हणजे क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८.

हे दोन्ही आकडे जीपच्या इतिहासातलेच आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा रेशो ४.८८ होता. १९४५ मध्ये त्याच कारखान्याने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली. टायर तेच ६.००-१६, पण तिला शेतात नांगर आणि औजारे ओढायची होती, म्हणून रेशो ५.३८ केला आणि लो गिअरही सुमारे दोनवरून सुमारे अडीचवर नेला. सैन्याला रस्त्यावर पळायचे होते, शेतकऱ्याला हळू पण ताकदीने चालायचे होते. नंतरच्या सीजे-३बी लाही ५.३८ च राहिला, आणि महिंद्राने आपल्या देशात वर्षानुवर्षे बनवली ती हीच जीप. पुढे इंजिने बदलली, मॉडेले बदलली, आणि या जुन्या गाड्यांत किती हात लागून कुठले हौसिंग कुठे गेले याचा पत्ता नाही. म्हणून पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहू नका. दात मोजा.

५.३८ घातल्यावर हमरस्त्यावर इंजिन ओरडेल का, ही माझी पुढची शंका. त्याचाही हिशेब करता येतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. माझ्या जीपच्या टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. जुना टायर आणि ४.८८ असताना इंजिन मिनिटाला सुमारे २२७० फेरे करत होते. मोठा टायर आणि तोच रेशो असताना २०५०. मोठा टायर आणि ५.३८ केल्यावर २२६०. म्हणजे कंपनीने जशी दिली होती तशीच गाडी परत मिळते, ना जास्त ना कमी. ज्यांना मुद्दाम जास्त जोर हवा आहे, ओझे वाहायचे आहे, त्यांनी एक पायरी वर जावे. पण पुणे-बेंगळुरू रस्त्यावर रोज जाणाऱ्याने तो मोह टाळलेला बरा. जुने डिझेल इंजिन जास्त फेऱ्यांवर तासन् तास पळवायचे नसते.

मीटरचेही एक सांगायला हवे. मोठ्या टायरवर काटा ६० दाखवत असतो तेव्हा गाडी खरी ६६ ने पळत असते. किलोमीटरही कमी नोंदले जातात, त्यामुळे ॲव्हरेज घटले अशी ओरड होते. त्यातली निम्मीअधिक घट मीटरच्या चुकीमुळे दिसते. मीटरची केबल गिअरबॉक्सच्या बाजूने येते, म्हणून योग्य रेशो घातला की मीटरही आपोआप सुधारतो.

खर्च ऐकून मी विचारले, “मेस्त्री, मागचाच जोड बदलला तर? पुढचा वर्षातून चारदाच लागतो.” असा सल्ला देणारे लोक आहेत, हे मला ठाऊक होते. मेस्त्री हसले. म्हणाले, “मग चारदाच मोडंल की.” फोर-व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात. एका बाजूला ४.८८ आणि दुसऱ्या बाजूला ५.३८ असेल तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने जमीन कापू पाहतात. चिखलात टायर घसरून ते भागते. कडक जमिनीवर शाफ्टचे क्रॉस नाही तर ट्रान्सफर केसचे दात जातात. दोन्ही हौसिंगचे पैसे नसतील तर फक्त मागचे करण्यापेक्षा थांबावे आणि तोवर जुने टायर घालून फिरावे.

लो गिअर आहेच, तो घाटात का वापरू नये, असे एकाने विचारले होते. कारण हेच. आमच्या जुन्या जीपांत लो टाकायचा म्हणजे फोर-व्हील टाकायचे, आणि कोरड्या डांबरी वळणावर फोर-व्हीलमध्ये गाडी आखडते. डांबरी घाटात तुमच्या हातात गिअरबॉक्स आणि हौसिंगचा रेशो एवढेच असते.

क्राउन आणि पिनियन हा जोडीनेच घ्यायचा. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन जमत नाही. बसवताना दातांमधली सैल पत्र्या घालून जमवावी लागते, आणि दातांना निळा रंग लावून, फिरवून ठसा कुठे उमटतो ते पाहावे लागते. ठसा दाताच्या मधोमध हवा. हे घाईने केले तर हौसिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लागते आणि ते गुणगुणणे पुढे वाढतच जाते. माझ्या गाडीला मेस्त्रींनी दोन दिवस घेतले, त्यातला एक दिवस नुसता पत्र्या घालण्या-काढण्यात गेला. मला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटला नाही.

गिअर बदलून इंजिनाची पकड परत आली. ब्रेकचे मात्र तसे नाही. ब्रेकचा ड्रम चाकात असतो, हौसिंगच्या पलीकडे. तो जेवढा होता तेवढाच राहिला, आणि टायर उंच झाल्यामुळे तेवढ्याच पायाच्या दाबाला जमिनीवर मिळणारा रोध ११ टक्क्यांच्या जवळपास कमीच राहिला. वर रुंद चाकांचे वजन. हे कुठल्याही रेशोने भरून निघत नाही. म्हणून त्याच वेळी लायनर, सिलिंडर आणि ब्रेक ऑइल नवे घातले, आणि भरल्या गाडीने घाट दुसऱ्या गिअरच्या वर उतरायचा नाही असे ठरवले. जास्त उताराला पहिला.

कायद्याचेही एकदा पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. आपल्या भागात एका दिवसात तीन राज्यांचे पोलीस भेटतात. अपघात झाला तर विमावाले टायरचे माप आधी वाचतात. त्यामुळे काही करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या. मी आधी विचारले नव्हते, हेही कबूल करतो.

आता त्या दोन वाचकांविषयी. खानापूरच्या वाचकांची थार २०२० नंतरची, टायर २४५/७५ आर १६. त्यांना २६५/७५ आर १६ घालायचे आहेत. हिशेब केला तर पहिला साडेतीस इंच, दुसरा साडेएकतीसच्या थोडा वर. फरक चार टक्के. एवढ्यासाठी हौसिंग उघडायची गरज नाही. माझ्या मते पाच टक्क्यांपर्यंत सोडून द्यावे आणि आठ-दहाला पोचल्यावर गंभीरपणे विचार करावा.

सावंतवाडीच्या वाचकांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांची जीप माझ्यासारखीच जुनी आणि त्यांना ३३ इंची टायर हवे आहेत, कारण पुतण्याने कुठेतरी पाहिले. २८ वरून ३३ म्हणजे १८ टक्के वाढ. त्यांच्या गाडीत ४.८८ असेल तर ५.३८ घालूनही पकड मूळच्या गाडीपेक्षा सहा टक्के कमीच राहील, आणि ब्रेकचा तोटा पूर्ण १८ टक्क्यांच्या हिशेबाचा. शिवाय त्यांना आंबोली घाट आठवड्यातून दोनदा चढायचा-उतरायचा आहे. मी त्यांना ३१ च्या वर जाऊ नका असे सांगितले आहे. पुतण्याला राग आला तरी चालेल. आधी मागचे चाक उचलून शाफ्टचे फेरे मोजा आणि मला कळवा, म्हणजे पुढचा हिशेब आपण दोघे मिळून करू.