तुळईला लाखेचं पॉलिश कशाला?



"काकू, लाख म्हणजे झाडाचा डिंकच की!" आमच्या पॉलिशवाल्या मिस्त्रींनी मला हे ठणकावून सांगितलं, तेव्हा गप्प बसवेना.

धाकट्याच्या नव्या घरात दिवाणखान्याला आठ सागवानी तुळया आहेत. जुन्या वाड्याच्या, वखारीत चिरून आणलेल्या. रंधा मारायचा नाही, करवतीचे वळ तसेच दिसू द्यायचे, असा सूनबाईंचा हट्ट. आधी मला ते अर्धवट काम वाटलं होतं, आता आवडतं. पण त्यावर लावायचं काय? मिस्त्री म्हणाले, स्पिरिट पॉलिश. सूनबाई म्हणाली, मधमाश्यांचं मेण, अगदी नैसर्गिक!

स्पिरिट पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. आणि लाख डिंक नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसणारे इवलेसे किडे ती अंगातून स्रवतात आणि तिच्याच कवचात राहतात. फांद्या तोडून लाख खरवडताना, दळताना, धुताना आतले जीव मरतात. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे ते उगीच नाही. रात्री पाणी न पिणाऱ्या आपण दिवाणखान्यात डोक्यावर लाख चकचकवायची?

मेणाचंही तेच. मध आपण चाटत नाही, मग त्याच पोळ्याचं मेण तुळईला कसं चालतं? 'नैसर्गिक' हा शब्द डब्यावर दिसला की आपण पुढचं वाचतच नाही. कीडही नैसर्गिकच असते हो.

मग पीयू लावा, असं धाकटा म्हणाला. पीयूत कीटकांचं काही नसतं, हे मान्य. टेबलाला, जमिनीला खुशाल लावा. पण खरखरीत लाकडावर त्याचा पापुद्रा सारखा बसत नाही, उभ्या राहिलेल्या तुसांवर तो टोचरा होतो. पुढे कुठे सुटला तर घासून काढावा लागतो, आणि घासलं की करवतीचे वळ गेले. शिवाय छताच्या तुळईला ना पाऊस लागतो, ना कुणाचा हात. तिला चिलखत हवंच कशाला?

माझं मत जवसाच्या तेलाला. कच्चं तेल वाळायला दिवसचे दिवस घेतं, म्हणून रंगाच्या दुकानात मिळतं ते 'बॉइल्ड' घ्यायचं. (त्यात वाळवणारी धातूंची द्रव्यं असतात. ते खायचं नाही, स्वयंपाकघरात ठेवायचंही नाही.) ते लाकडात मुरतं, वर थर धरत नाही. काही वर्षांनी फिकं वाटलं तर वरूनच पुन्हा एक हात. रंग मात्र गडद आणि पिवळसर होतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघा.

बी.कॉम. झालेली असल्याने हिशेब केल्याशिवाय मला चैन नाही. बारा फुटी तुळई, खालची बाजू सहा इंच, दोन्ही कडा आठ-आठ इंच. म्हणजे एकीला 22 चौरस फूट, आठ तुळयांना 176. पण न रंधलेलं लाकड तेल जास्त पितं, म्हणून डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

आधी कडक ब्रशने सुटी तुसं आणि भुसा झाडून घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक वेळी जळमटं काढताना फडकं अडकतं आणि कोळी चिरडतो. तेलाचा हात पातळ द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. दोन हातांमध्ये नीट वाळू द्या. पावसाळी दमट हवेत हे काम काढूच नका, चातुर्मासाआधी उरका. आणि ब्रश? तेलरंगाला चांगला म्हणून जो 'नॅचरल' ब्रश देतात, तो बहुधा डुकराच्या केसांचा असतो! नायलॉनचा मागा किंवा जुन्या सुती धोतराचं फडकं घ्या.

ती तेलकट फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. एकेक फडकं उघड्यावर पसरून वाळवा.

मिस्त्री अजून रुसलेले आहेत. सूनबाईने मेणाचा डबा परत केला, दुकानदाराने पैसे दिले नाहीत, बदल्यात तेल दिलं.