निरोप शेवटच्या घरापर्यंत



राब भाजून झाले, बियाणे घरात येऊन पडले, आणि आता साऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागले आहेत. या दिवसांत मी ह्या सदरातून बीजप्रक्रियेबद्दल किंवा राबाच्या आखणीबद्दल लिहितो. आज भाताचा विषय बाजूला ठेवतो. आज लिहायचे आहे ते निरोपाबद्दल. पाऊस हाताबाहेर गेला, नदी चढली, डोंगर हलला, तर तो निरोप तुमच्या वाडीतील शेवटच्या घरी कोण पोहोचवणार? आणि किती वेळात?

हा प्रश्न मला सुचला तो माझ्याच एका चुकीतून. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये, लावणीच्या दिवसांत, दुपारी दोनच्या सुमारास माझ्या फोनवर अतिवृष्टीचा इशारा आला. मी तो लगेच वरंध भागातील एका गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये शंभरावर माणसे. पाच-दहा जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. आपले काम झाले असे समजून मी दुसऱ्या कामाला लागलो.

त्या रात्री त्या गावाच्या वरच्या वाडीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागचा बांध सुटला आणि गोठ्याची भिंत आत कोसळली. माणसे वाचली, पण दाव्याला बांधलेला बैल जागीच मेला. दोन दिवसांनी मी तिथे गेलो तेव्हा बाबा पडवीत बसले होते. मी विचारले, “बाबा, इशारा दिला होता, मिळाला नाही का?” ते शांतपणे म्हणाले, “साहेब, मिळाला ना. मुंबईला पोराला मिळाला. त्यानं रात्री कामावरून सुटल्यावर फोन लावला, तवर इथली रेंज गेली होती.”

मी परत येऊन तो ग्रुप नीट पाहिला. निम्म्याहून अधिक माणसे मुंबई-ठाण्यातली, मंडळाची. काही जण बिरवाडीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे. वरच्या वाडीत रोज राहणारे दोघेच, आणि त्यांतल्या एकाचा फोन बिघडलेला. बाकीच्यांकडे बटणाचे फोन. त्यावर साधा मेसेज येतो, कॉल येतो, पण व्हॉट्सअॅप येत नाही. म्हणजे निरोप गेला होता, पण पोहोचला नव्हता. या दोन शब्दांत एका बैलाचे अंतर होते. माणसाचेही असू शकले असते.

आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. 25 व 26 जुलै 2005 च्या पावसात दासगाव, जुई, रोहन या महाड तालुक्यातील गावांवर दरडी आल्या. 22 जुलै 2021 रोजी आपल्या शेजारच्या तळीयेवर दिवसाउजेडी डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या वेळी महाड शहर पुराच्या पाण्यात होते, वाटा बंद होत्या, वीज आणि फोनची रेंज गेलेली होती. बाहेरची मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे दगावली.

30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यात माळीण गाव गाडले गेले, तेव्हा जगाला ती बातमी कळली ती एस.टी.च्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो आला आणि त्याला गाव दिसेना. सुमारे दीडशे माणसे मातीखाली गेली होती. 19 जुलै 2023 च्या रात्री आपल्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, आणि दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नावही नव्हते. तेव्हा यादीत आपले नाव नाही म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

आता सोयी काय आहेत ते पाहू. हवामान खाते जिल्हावार इशारे देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ व्यवस्थेतून त्या त्या भागातील फोनवर मेसेज येतात. 2023 साली अनेकांचे फोन एकाएकी मोठ्याने वाजले आणि पडद्यावर मजकूर आला, ती अशाच एका नव्या पद्धतीची चाचणी होती. विजेसाठी पुण्याच्या संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप आहे, पण त्याला स्मार्टफोन व इंटरनेट लागते.

पुणे, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील बऱ्याच गावांनी पोलिसांच्या पुढाकाराने ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ घेतली आहे. ती समजायला सोपी आहे. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, तर ठरलेल्या क्रमांकावर फोन करून बोलायचे. ते बोलणे गावातील नोंदलेल्या साऱ्या फोनवर कॉल होऊन जाते. मेसेज वाचावा लागतो, कॉल ऐकू येतो. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याच्याकडे बटणाचा फोन आहे, त्यालाही ती उपयोगी पडते. आपल्या गावाची नोंद आहे का, नसल्यास कशी करायची, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

हे सारे चांगले आहे. पण ‘रायगड जिल्ह्यात अतिवृष्टी’ असा मेसेज अलिबागच्या किनाऱ्यालाही जातो आणि आपल्या घाटपायथ्यालाही. त्या इशाऱ्याचा अर्थ आपल्या वाडीला काय, हे वाडीनेच ठरवायचे आहे. तिथून पुढची साखळी आपली आपणच करायची. ती अशी करता येईल.

पहिली गोष्ट, प्रत्येक वाडीत दोन निरोपे नेमा. बारा महिने घरी असणारी माणसे निवडा. बचत गटातील बाया या कामाला फार चांगल्या, कारण त्या घरोघरी ओळखीच्या असतात आणि पावसाळ्यात गावातच असतात. एका निरोप्याकडे पाच-सहा घरांहून अधिक घरे देऊ नका.

दुसरी गोष्ट, घरांची यादी कागदावर करा. कोण म्हातारे एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला ऐकू कमी येते, कोणाची सून दिवसांत आहे, हे त्यात लिहा. एक प्रत पोलीस पाटलांकडे, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत ठेवा. मुंबईच्या मंडळालाही द्या. मंडळींनी ग्रुपवर हात जोडण्याऐवजी आपापल्या घरी थेट फोन लावावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, उलट निरोप. ‘सांगितले’ याने काम संपत नाही. प्रत्येक घराने ‘मिळाला’ म्हणायचे, आणि निरोप्याने यादीवर खूण करायची. ज्या घरावर खूण नाही, तिथे कोणीतरी पायी जायचे. माझ्याकडून राहून गेले ते नेमके हेच.

चौथी गोष्ट, निरोपाची भाषा. लांब मजकूर कोणी वाचत नाही. काय, कुठे, केव्हा, काय करायचे आणि सांगणारा कोण, एवढेच लिहा. उदाहरणार्थ: ‘वरची वाडी. ओढ्याचे पाणी गढूळ, उतारावर भेग. संध्याकाळी 6 च्या आत सर्वांनी शाळेत यावे. गुरे सोडा. — पोलीस पाटील, दुपारी 3.’ तारीख व वेळ घालायला विसरू नका, नाहीतर कालचा निरोप उद्याही फिरत राहतो.

पाचवी गोष्ट, रेंज गेल्यावर काय? ती जाणारच, असे धरून चाला. आपले वाडवडील दवंडी देत, थाळा वाजवत, डोंगरावरून कुकारा घालत. ते विसरू नका. लोखंडी रुळाचा तुकडा वाडीच्या मध्यावर टांगून ठेवा आणि त्याचा ठोका एरवी कोणत्याही कामाला वापरू नका. देवळाची घंटा आरतीलाही वाजते, म्हणून ती नको. सलग ठोके म्हणजे घर सोडा, एवढाच अर्थ ठरवा. तो शाळेतल्या पोरांनाही ठाऊक हवा.

आता इशाऱ्याची वाट न पाहता आपणच पाऊस कसा मोजायचा ते सांगतो. सरळ उभ्या कडांचा, तळ सपाट असलेला डबा उघड्यावर, झाडापासून व पागोळ्यांपासून लांब ठेवा. आत पट्टी उभी धरा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पडला, तर सुमारे दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. 23 जुलै 2021 च्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर नोंदला गेला. म्हणजे एका गुंठ्यावर जवळजवळ सहा टँकर! हे पाणी मातीत मुरते, तिचे वजन वाढते, खालच्या कातळावरची तिची पकड सुटते आणि सारा उतार घसरतो. शिवाय सावित्री महाबळेश्वरलाच उगम पावते. तिथे कोसळला की इकडे पोलादपूर-महाडने जागे राहावे.

आपल्या भागात जुलैत 100 मिलिमीटर नवलाचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून किती पावसाला उतारावरची घरे रिकामी करायची, तो आकडा गावाने तलाठी व पोलीस पाटील यांच्याबरोबर बसून आधी ठरवावा. दोन-तीन दिवस सलग झड लागली असेल, तर तो कमीच धरावा.

काही खुणांना मात्र आकडा लागत नाही. अंगणात किंवा उतारावर नवी भेग पडणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, दार एकाएकी चौकटीत अडकू लागणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे, भर पावसात ओढा अचानक आटणे, डोंगरातून घरघर ऐकू येणे. यांतले एक जरी दिसले, तरी त्याच क्षणी ठोका द्या आणि घर सोडा. परवानगीची वाट पाहू नका. बाहेर पडल्यावर 112 ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 ला कळवा.

आणि गुरांचे काय? पुष्कळ माणसे गुरांसाठी मागे राहतात, हे मी तीस वर्षे पाहतो आहे. शेतकऱ्याला तो दोष देता येत नाही. म्हणून गुरांची जागा आधीच ठरवा: कोणाचा माळ, कोणाचे मोकळे खाचर. अतिवृष्टीच्या रात्री दावे एका ओढीत सुटेल अशा गाठीचे बांधा. वेळच नसेल, तर दावे कापा आणि निघा. मोकळे जनावर आपली वाट आपण शोधते.

शेवटी एक सावधगिरी. ज्या फोनवरून जीव वाचतो, त्याच फोनवरून जीव जातोही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवर फिरत होती. जमावाने पोटासाठी फिरणाऱ्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. जो निरोप ‘जपा, दार लावा, पोलिसांना कळवा’ म्हणतो, तो इशारा. जो ‘धरा, मारा’ म्हणतो, तो इशारा नव्हे. तो पुढे पाठवू नका. सांगणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, असा मजकूर आधी पोलीस पाटलांना दाखवा.

मंडळी, यात खर्च फारसा नाही. एक वही, एक लोखंडाचा तुकडा, एक डबा आणि एक दुपार. येत्या रविवारी सारे एकत्र बसा, यादी करा आणि एकदा निरोप सोडून पाहा. पहिल्या घरापासून शेवटच्या घराचे ‘मिळाला’ येईपर्यंत किती मिनिटे लागतात, ते घड्याळावर मोजा. कुठे अडला, ते तेव्हाच कळेल आणि पाऊस येण्याआधी दुरुस्तही करता येईल.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. मृगाच्या आत गावाने एवढे करावे. तुमच्या वाडीला किती मिनिटे लागली, ते मला पत्राने जरूर कळवा.

पुढील अंकी भाताच्या राबाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.