मोटार, मागची गाडी आणि परवान्यावरचें वजन

मोटार चालविण्याचा परवाना एकदां हातीं आला कीं मोटारीविषयींचे सर्व अधिकार आपणांस प्राप्त झाले, अशी सुशिक्षितांचीही समजूत असते. परवान्यावर बारीक अक्षरांत कांहीं वर्ग व कांहीं तारखा छापलेल्या असतात. त्या वाचण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. एकट्या मोटारीपुरतें पाहिलें तर या उपेक्षेनें फारसें बिघडत नाहीं. परंतु मोटारीच्या मागें दुसरी गाडी जोडली, कीं त्या बारीक अक्षरांस एकाएकीं मोठा अर्थ येतो.

हा विषय या पानांत घेण्याचें कारण असें. मराठी कुटुंबांतील कितीतरी मुलगे, मुली, सुना व जावई आज ब्रिटनमध्यें स्थायिक झालेले आहेत, आणि उन्हाळ्यांत वडील माणसें त्यांच्याकडे राहावयास जातात. सुटी घालविण्याची तिकडील एक जुनी रीत म्हणजे मोटारीमागें कॅरव्हॅन, म्हणजे निजण्याची व रांधण्याची सोय असलेलें चाकांवरचें लहानसें घर, जोडून समुद्रकांठीं वा डोंगराकडे जाणें. सासूसासरे, मुलगा, सून व नातवंडें अशीं दोन-तीन पिढ्यांचीं माणसें एकाच मोटारींत बसलेलीं असतात, आणि मागें हजार-दीड हजार किलोंचें ओझें धांवत असतें. अशा वेळीं त्याचे नियम एकट्या चालकानेंच नव्हे, तर घरांतील सर्वांनींच समजून घेणें आम्हांस योग्य वाटतें.

प्रथम वजन म्हणजे कोणतें वजन, हें पाहूं. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे, आणि खासगी मोटारीच्या बाबतींत तें वजन रिकाम्या गाडीचें धरतात. ब्रिटनमध्यें परवान्याची मर्यादा मोजतात ती कमाल अनुज्ञेय वजनावर. म्हणजे गाडी, तींतील माणसें, सामान व इंधन हें सर्व मिळून त्या गाडीस जास्तींत जास्त जेवढें झेपेल असें ठरवून दिलेलें आहे, तेवढ्यावर. गाडी त्या दिवशीं प्रत्यक्ष भरलेली आहे कीं रिकामी, हा प्रश्न परवान्यापुरता उद्भवतच नाहीं. भारतांतून गेलेल्या माणसाचा घोटाळा नेमका येथेंच होण्याचा संभव असतो. भारतीय परवान्यावर तेथें स्थायिक झाल्यापासून १२ महिनेच मोटार चालवितां येते. पुढें तेथील परीक्षा द्यावीच लागते. तेव्हां तेथील मापें शिकून घेण्यावांचून गत्यंतर नाहीं.

इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स यांपुरते या नियमांचे तीन टप्पे मानावे लागतात. १ जानेवारी १९९७ पूर्वीं जे मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांस मोटार व मागची गाडी यांचें मिळून ८,२५० किलोंपर्यंत कमाल वजन चालविण्याचा अधिकार सामान्यतः आपोआप मिळाला. त्या तारखेपासून पुढें उत्तीर्ण होणारांस मात्र ३,५०० किलोंपर्यंतची मोटार व तिच्यामागें ७५० किलोंपर्यंतची गाडी एवढीच मुभा राहिली. मागची गाडी ७५० किलोंहून जड असल्यास दोहोंचें मिळून कमाल वजन ३,५०० किलोंच्या आंत असावें लागे. याहून अधिक हवें तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती परीक्षा रद्द झाली, आणि मोटारीचा पूर्ण परवाना असलेल्या प्रत्येकास, मग तो कोणत्याही सालचा असो, ३,५०० किलोंपर्यंत कमाल वजनाची मागची गाडी ओढण्याचा अधिकार मिळाला.

मधल्या टप्प्यांतील हिशेब एका उदाहरणानें स्पष्ट होईल. मोटारीचें कमाल वजन २,००० किलो व कॅरव्हॅनचें १,४०० किलो असेल, तर बेरीज ३,४०० होते. काम नियमांत बसलें. कॅरव्हॅन १,६०० किलोंची घेतली कीं बेरीज ३,६०० होऊन काम नियमाबाहेर गेलें. त्या दिवशीं दोन्ही गाड्या रिकाम्या असून कांट्यावर अवघें २,८०० किलो भरलें, तरी उत्तर बदलत नसे. यामुळें एकाच घरांत विचित्र प्रसंग येई. १९९० सालीं परीक्षा दिलेले वडील ती कॅरव्हॅन बिनदिक्कत नेऊं शकत, आणि २००५ सालीं परीक्षा दिलेला त्यांचा मुलगा तीच कॅरव्हॅन नेऊं लागल्यास कायद्याच्या दृष्टीनें गुन्हेगार ठरे. उलट वडिलांचाही तो मोठा अधिकार कायमचा नसतो. वयाच्या ७० व्या वर्षीं नूतनीकरण करतांना, लहान मालमोटारीच्या वर्गासाठीं वैद्यकीय तपासणीची अट पुरी न केल्यास ८,२५० किलोंची सवलत संपते.

शेजारच्या युरोपांत मात्र परीक्षेची ही पद्धत सरसकट गेलेली नाहीं. जर्मनींत राहणाऱ्या आपल्या मंडळींस साध्या मोटारीच्या परवान्यावर ७५० किलोंची मागची गाडी, अथवा दोहोंचें मिळून ३,५०० किलो, हीच मर्यादा लागूं पडते. विशेष शिक्षण घेतल्यास ती ४,२५० किलोंपर्यंत वाढते. त्यापलीकडे निराळी परीक्षा आहे. म्हणून लंडनच्या भावाचा नियम म्युनिकच्या बहिणीनें प्रमाण मानूं नये.

ब्रिटनमधील नियम २०२१ सालीं सैल झाला, तो मागची गाडी ओढणें सोपें झालें म्हणून नव्हे. त्या वेळीं मालमोटारींच्या चालकांची तेथें मोठी टंचाई होती, आणि परीक्षकांचा वेळ त्यांच्या परीक्षांसाठीं मोकळा करावयाचा होता. पूर्वीं जी परीक्षा चालकाचें कौशल्य पारखून घेत असे, ती गेली. पण जें पारखावयाचें होतें तें जागच्या जागींच राहिलें. ती पारख आतां घरच्या माणसांनीं करावयाची आहे. आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील मुख्य गोष्ट हीच होय. परवाना फक्त चालकाचा अधिकार सांगतो; मोटारीस काय झेपेल, हें तो सांगत नाहीं.

मोटारीस काय झेपेल, तें तिच्या अंगावर लिहिलेलें असतें. दाराच्या चौकटीपाशीं किंवा बॉनेटखालीं धातूची अथवा कागदाची एक पट्टी असते. तींतील पहिला आंकडा मोटारीच्या कमाल वजनाचा, दुसरा मोटार व मागची गाडी यांच्या एकत्रित कमाल वजनाचा, आणि पुढील दोन पुढच्या व मागच्या आंसांवर येणाऱ्या भाराचे असतात. समजा, पहिला आंकडा २,००० व दुसरा ३,४०० आहे. मोटार माणसांनीं व सामानानें पूर्ण भरली, तर मागें ओढावयास १,४०० किलोच उरतात. मग परवाना ३,५०० किलोंची मुभा खुशाल देवो. शिवाय मोटारीच्या माहितीपुस्तकांत ओढण्याच्या वजनाची स्वतंत्र मर्यादा दिलेली असते, तीही पाहिली पाहिजे. पट्टीवर एकत्रित वजनाचा आंकडाच नसेल, तर त्या मोटारीस मागें कांहींही जोडूं नये, असा तेथील सरकारी सल्ला आहे. सर्व मर्यादांत जी लहान, ती खरी मानावी.

ब्रेकचा नियमही असाच आहे. भारासह ७५० किलोंहून अधिक कमाल वजनाच्या मागच्या गाडीस स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. बिनब्रेकची गाडी ७५० किलो, किंवा मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मे, यांपैकीं जें कमी असेल त्याहून जड असूं नये.

आतां कॅरव्हॅनमध्यें सामान भरण्याकडे वळूं. येथें गृहिणीचा हिशेबीपणा कायद्याच्या ज्ञानापेक्षां अधिक उपयोगीं पडतो. एखाद्या कॅरव्हॅनचें रिकामें वजन १,२४० व कमाल वजन १,४०० किलो असेल, तर भरण्यास १६० किलोच उरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४० लिटरांची टांकी भरली कीं चौथाई भाग तेथेंच संपला. मग तांदूळ, पीठ, डाळी, कुकर, पांघरुणें, तंबू, खुर्च्या, मुलांच्या सायकली! प्रत्येक वस्तू हातांत धरली असतां हलकी वाटते. बेरीज कांट्यावर कळते. पाणी मुक्कामाच्या ठिकाणीं भरावें, आणि निघण्यापूर्वीं एकदां वजनकांट्यावर भरलेली गाडी नेऊन पाहावी.

वजन किती याइतकेंच तें कोठें ठेवलें यालाही महत्त्व आहे. जड वस्तू तळाशीं व आंसाच्या जवळ असाव्या, आणि जोडणीच्या टोंकावर मागच्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार यावा. १,४०० किलोंच्या गाडीस तो ७० ते ९८ किलो होतो. जोडणी व मोटार यांची मर्यादा त्याहून कमी असल्यास तीच पाळावी. जड सामान शेवटाकडे रचलें, कीं टोंक वर उचललें जाऊन मागची गाडी शेपटासारखी डोलूं लागते. पुढें ती मोटारीसही आपल्याबरोबर फेंकते. मोठ्या रस्त्यावर तेथें मोटारीमागें गाडी असतांना ताशीं ६० मैलांची, व एकेरी रस्त्यावर ५० मैलांची मर्यादा आहे, ती उगाच नव्हे. वेग ५० वरून ६० वर गेला कीं तो थोपविण्यासाठीं ब्रेकांस ४४ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. गाडी डोलूं लागलीच तर एकदम ब्रेक दाबूं नये. सुकाणूं सरळ धरून वेग हळूहळू कमी होऊं द्यावा. नवशिक्यानें मागच्या गाडीचें भरलेलें वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आंत ठेवावें, असा अनुभवी लोकांचा सल्ला आहे.

ज्या घरीं असा प्रवास ठरत असेल, त्यांस आमची एकच विनंती आहे. चालकाची परीक्षा कोणत्या तारखेस झाली, मोटारीचें कमाल वजन, दोहोंचें एकत्रित कमाल वजन, मागच्या गाडीचें कमाल वजन व तिचें कांट्यावरील प्रत्यक्ष वजन, या पांच नोंदी एका कागदावर लिहून तो कॅरव्हॅनच्या कपाटाच्या दारास आंतून चिकटवावा. जुन्या परवान्यावर २०२१ चा नवा अधिकार छापलेला नसेल. तो तेथील परवाना कार्यालयाच्या दप्तरांत नोंदलेला असतो व नवा परवाना मिळेल तेव्हां त्यावर येतो, म्हणून त्याविषयीं चिंता नको. मात्र परवानगी आहे म्हणून कोणी आणखी एक पोतें आंत टाकूं लागलें, तर घरांतील ज्या कोणाचें लक्ष असेल त्यानें, मग तें दहा वर्षांचें नातवंड कां असेना, त्या कागदाकडे बोट दाखवावें. आणि वडिलांनींही तें पोतें निमूटपणें खालीं उतरवावें.