पुढे कोणी चालायचं?

राजगड-तोरणा-रायगड करून आल्यापासून घरचे एकच विचारतात, "दोघंच होतात, म्हणजे चार दिवस नुसत्या गप्पा ना?" अहो, कसल्या गप्पा! त्या पहिल्याच दिवशी, तोरण्यापर्यंत संपतात. मग उरतात कामं. एकाने टाक्यातून पाणी आणायचं, दुसऱ्याने तीन दगडांची चूल मांडायची. आज पातेलं मी घासलं, उद्या त्याने. सकाळी सॅक भरताना तांदूळ कोणाकडे, दोर कोणाकडे, यावरून थोडी हुज्जत.

पण माझ्या मते खरा प्रश्न एकच, पुढे कोणी चालायचं? भरभर चालणारा पुढे गेला की सावलीत बसून वाट बघतो, आणि मागचा पोचला रे पोचला की "चला" म्हणून उठतो. म्हणजे विश्रांतीची गरज ज्याला जास्त, त्यालाच ती मिळत नाही! आणि मोहरीनंतर सिंगापूर नाळेच्या घसाऱ्यावर घसरतो तो दमलेलाच पाय.

म्हणून हळू चालणाऱ्याने पुढे असावं, दुसऱ्याने त्याच्या चालीने चालावं. तासभर उशीर झाला तर होऊ दे. रायगड एकेकाळची राजधानी म्हणून आजही मिरवतोय, आपल्यासाठी तासभर थांबेल की!

पटतंय का?